मागच्या चाकाखालचं हिरवं पाणी

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो. आणि आधीच सांगून ठेवतो... भूत, करणी, चकवा यातलं एकही मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. उभी हयात ट्रक चालवला. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातला गूळ गुजरातेत न्यायचा आणि तिकडनं मिळंल ते भरून परत यायचं, हा माझा धंदा. घाटात गाडी बाजूला घेऊन झोपलोय, मसणवट्याच्या कठड्यावर बसून भाकरी खाल्ली आहे. पांढऱ्या लुगड्यातली बाई मला कधी दिसली नाही. दिसले ते सगळे पिऊन पडलेले गडी, आणि त्यातले निम्मे माझ्याच ओळखीचे.

शाळा चौथीत सोडली, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका. नात मला मोबाईलवर इथले अनुभव वाचून दाखवते. त्यातले बरेचसे मला थापा वाटतात. माझीही तुम्हाला थाप वाटली तर राग येणार नाही. म्हणजे येईल, पण थोडा.

आमचं घर कागलला. हायवे सोडून आत वळलं की वजनकाट्याच्या मागच्या अंगाला. घरापुढं मुरूम टाकून धुमसलेलं मोठं अंगण आहे आणि त्या अंगणाला रस्त्याकडं उतार आहे. ही उताराची गोष्ट ध्यानात ठेवा.

माझ्या पोरानं, दीपकनं, एक जुनी मिनीबस घेऊन तिचं घर केलं. तो तिला मोटारहोम म्हणतो, मी घरगाडी म्हणतो. आत पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन, मागं संडास, आणि पाण्याची एक मोठी टाकी. पुण्या-मुंबईची माणसं ती भाड्यानं घेऊन पन्हाळ्याला नाहीतर कोकणात जातात. मला आधी हसू यायचं. घराला कंटाळून बाहेर पडायचं आणि जाताना घरच संगं घेऊन निघायचं! पण पुढं त्या गाडीचा एक उपयोग माझ्या ध्यानात आला.

माझी बायको हौसा. तिच्या पाठीचा मणका गेला. तिला बसता येत नाही, उभं करायला दोघं लागतात. दिवसभर आडवी पडून असते आणि पडल्या पडल्या सगळ्या घरावर हुकूम चालवते. तिची एकच थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्का फोंडा घाटाच्या खाली, कणकवलीच्या अंगाला दिलेली. अक्काची नजर गेली. तिला येववत नाही, हिला जाववत नाही. सुनेनं एकदा मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला, तर अक्का म्हणते, "मला काय करायचाय तुमचा टीव्ही? हौसीचा आवाज साध्या फोनवर बी येतोय की. मला तिचा हात पायजे."

त्या वर्षी होळीच्या आधी अक्काच्या पोराचा फोन आला. "आई जेवण टाकत चाललीया. मावशीला आणायचं असंल तर लवकर आणा."

हौसा काही रडली नाही. ती म्हणाली, "अवो, त्या गाडीत पलंग हाय न्हवं? मला उचलून त्याच्यावर निजवा आन न्या की."

इतकं सोपं होतं. मी तिथंच ठरवलं. मी दीपकला सांगितलं, तर त्यानं पहिला प्रश्न काढला...

"चालवणार कोण, आबा?"

"म्हंजे? मी."

"फोंडा घाट हाय त्यो."

"मला घाट सांगतोस? तू जन्माला यायच्या आदीपासनं त्यो घाट मला वळखतोय."

"घाट वळखतोय ओ. तुमी कुणाला वळखतासा? परवा पोस्टमनला रामराम घालून त्याच्याकडं जावयाची चौकशी केलासा."

सून आत तोंडाला पदर लावून हसत होती, ते मला दिसलं. तेवढं नीट दिसतं मला.

दीपक म्हणाला, गाडीची दोन बुकिंगं आहेत, ती झाली की मीच नेतो. मी म्हटलं, "तवर तुझी मावशी थांबंल व्हय बुकिंग बघून?" त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बरं. न्या."

इथंच मला पहिला संशय आला. आमच्या घराण्यात इतक्या लवकर कुणी 'बरं' म्हणत नाही. मी पंचाहत्तर शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

निघायच्या दिवशी सकाळी सुनेनं हौसाला गरम पाण्यानं पुसून नवं लुगडं नेसवलं. अक्काला द्यायचा गुळाचा रवा, म्हणजे लहान ढेप, हौसानं फडक्यात बांधून उशाला घेतलेला. आणि मी, जुनी सवय, गाडी सुरू करायच्या आधी तेल-पाणी बघायला गेलो. रेडिएटरचं झाकण काढलं तर पाणी खाली गेलेलं. बोट घातलं तरी लागेना. आदल्या दिवशी मी स्वतः बघितलं होतं, काठोकाठ होतं.

गळती असणार, म्हणून पुढच्या अंगाला वाकून बघितलं. जमीन कोरडी. मग गाडीला वळसा घातला तर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला डबकं. पोपटी हिरवं. बोट लावलं तर बुळबुळीत. हे कूलंटच, इंजिन गार ठेवायचं रंगीत पाणी, दुसरं काही नाही. टाकीतलं पाणी असं नसतं, आणि टाकी तर रिकामीच होती.

आता बघा. या गाडीचं इंजिन पुढं, रेडिएटर पुढं. गाडी रस्त्याकडं तोंड करून लावलेली, म्हणजे पुढची बाजू उताराला. पुढं गळलेलं पाणी रस्त्याकडं वाहील. ते चढावर मागं येऊन संडासाच्या खाली कसं काय बसलं?

मी इस्माईल मिस्त्रीला बोलावला. हा आमच्या गल्लीच्या तोंडाला गॅरेज चालवतो. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्यानं प्रेशर लावून बघितलं, रबरी होस दाबून बघितले, पंप बघितला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "मामा, रेडिएटर टकाटक. होस टकाटक. पंप टकाटक."

"मग पाणी गेलं कुठं?"

"गाडीला इचारा."

"गाडीलाच इचारायचं तर तुला कशाला बोलावलं?"

"मागं एकबी पाइप जात न्हाई कूलंटचा. मी ब्याटरी मारून बघितलं खालनं. पाणी काय चालत गेलं व्हय मागं?" असं म्हणून तो दीपककडं बघून हसला. दीपक हसला नाही. त्यानं मान खाली घातली. ती मान मी ध्यानात ठेवली.

त्या दिवशी जाणं राहिलं. अशी गाडी घेऊन घाट उतरायचा नाही, एवढं मलाही कळतं. हौसाचं नवं लुगडं सोडून जुनं नेसवलं. गुळाचं गाठोडं मात्र ती उशाखालनं काढू देईना.

पाणी भरून पुन्हा ठरवलं. पुन्हा सकाळी तेच. पुढं रिकामं आणि मागच्या डाव्या चाकापाशी हिरवं डबकं. जागासुद्धा तीच, इकडं ना तिकडं.

आता माझं डोकं तापलं. पाणी आपोआप मागं जात नाही म्हणजे कुणीतरी नेतंय. कुणाला पाहिजे की म्हाताऱ्यानं गाडी काढू नये? ज्याची बुकिंगं आहेत त्याला. मी दीपकवर नजर ठेवली. एका संध्याकाळी तो गाडीकडनं आला आणि नळावर हात धुवायला लागला. हाताला हिरवा रंग.  तो बाहेर गेल्यावर त्याच्या सामानाच्या खोलीत शिरलो. पोत्यामागं कूलंटचा कॅन सापडला, अर्धा संपलेला. पोत्यामागं! सरळ कामाची वस्तू माणूस पोत्यामागं ठेवतो का?

गाडीच्या चाव्या दोन. दोन्ही मी काढून घेतल्या आणि उशाखाली ठेवल्या. सुनेकडनं चुलीतली राख मागितली, आमच्याकडं पाणी तापवायला अजून चूल आहे. पायली-दोन पायली राख चाळून गाडीच्या चौफेर आणि खालीसुद्धा पातळ पसरली. ही आमची जुनी युक्ती. ट्रकमधनं गुळाची ढेप चोरीला जायला लागली की आम्ही असंच करायचो, आणि चोर पायताणासकट सापडायचा. एकदा तर क्लीनरच सापडला होता.

सकाळी बघतो तर राख जशीच्या तशी. एका कडेनं मांजर गेलेलं, तिची पावलं तेवढी. माणसाचं पाऊल एक नाही. पुढच्या चाकापासनं मागच्या चाकापर्यंत राख कोरडी ठाक, एक रेघ उमटलेली नाही. आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत, राखेच्या मधोमध, हिरवं डबकं.

दुसरा कोणी असता तर इथंच घाबरला असता. मला राग आला. मी म्हटलं, पोरगं माझंच आहे, माझ्यापेक्षा एक पाऊल पुढंच असणार. लांबनं पाइपनं मारलं असंल, नाहीतर पत्र्यावर चढून. इस्माईल नेमका तेव्हा आला होता. त्याच्यासमोर, सुनेसमोर, मी तो कॅन आणून अंगणात आपटला.

"ह्यो कुणाचा?"

दीपक म्हणाला, "माझाच हाय."

"पोत्यामागं का?"

त्यानं कॅन उचलून उभा ठेवला.

"आईला न्यायची न्हाई, तर तोंडानं सांग. असली चोरट्यागत कामं करू नगंस. बुकिंगं पायजेत व्हय तुला? घे, तुझी गाडी, तुझी बुकिंगं!"

दीपक एवढंच म्हणाला, "आबा, तुमाला जे वाटतंय ते वाटू द्या." आणि आत गेला. इस्माईल फडकं चाळवत उभा राहिला. जाता जाता म्हणाला, "मामा, पोरगं तसं न्हाई ओ." मी म्हटलं, "तू पाने फिरव."

त्या दिवसापासनं दीपक माझ्या पंक्तीला बसायचा थांबला. घरात सगळ्यांनी बोलणं कमी केलं. फक्त हौसा बोलायची, आणि ती बोलली नसती तर बरं झालं असतं.

"पोराला चोर म्हणालासा. तेबी परक्या माणसाफुडं."

"मग पाणी कोण काढतंय?"

"मला काय ठावं? मला हितनं छत तेवढं दिसतंय. पर आपल्या पोराला वळखायला मला उठून बसाय लागत न्हाई." मग म्हणाली, "मला न्हेऊ नगासा जावा. अक्काला फोनवर सांगते. तुमचं बापल्याकाचं असं करून मला तिचा हात नगो."

हे मला लागलं. आता मला दोन्ही पाहिजे होतं. हिला न्यायची होती, आणि पोरगं चोर आहे की नाही हे एकदाचं धडपणी कळायला पाहिजे होतं. चोर असला तर मी खरा. चोर नसला तर... त्याचा विचार मी केला नव्हता.

मग मला हळद आठवली.

जुने ड्रायव्हर माझं ऐकून हसतील. रेडिएटर बारीक गळायला लागला आणि गॅरेज लांब असलं तर आम्ही त्यात मूठभर हळद घालायचो. हळद पाण्याबरोबर जाऊन बारीक भोकात बसायची आणि तेवढ्यावर गाव गाठायचं. आताची पोरं म्हणतात, त्यानं इंजिन चोंदतं. चोंदत असंल. मला गळती बुजवायची नव्हतीच. मला रंग पाहिजे होता. दीपक कॅनमधलं ओतत असला तर डबकं हिरवं पडणार. गाडीतलंच पाणी असलं तर ते पिवळं पडणार. मधलं काही नाही.

संध्याकाळी सून देवळात गेलेली, दीपक बाहेर. मी रेडिएटरात नळाचं साधं पाणी भरलं, हळदीचा डबा उचलला आणि जवळजवळ सगळा त्यात रिकामा केला. कुणाला सांगितलं नाही. इंजिन थोडं चालवलं, म्हणजे सगळीकडं फिरंल. आतनं हौसानं विचारलं, "गाडी का सुरू केली?" म्हटलं, "ब्याटरी उतरू नये म्हणून." इंजिन गार झाल्यावर झाकण काढून बघितलं, पाणी हळदीच्या दुधागत झालेलं. कॅन मी माझ्या खाटेखाली ठेवला. राख पुन्हा पसरली. चाव्या उशाखाली.

सकाळी ऊन नुकतं आलं होतं. मी गाडीच्या मागं गेलो.

डबकं होतं. पिवळं.

 बोट बुडवलं, नाकाला लावलं. हळद. आमच्याच डब्यातली, सून तीत थोडी सुंठ दळून घालते, तो वाससुद्धा. राखेवर पाऊल नाही. पुढं जाऊन झाकण काढलं तर पाणी उतरलेलं, आतल्या काठाला पिवळी कड. म्हणजे इथलंच पाणी तिथं गेलं होतं. आणि मधली राख कोरडी.

एवढं कळल्यावर माणसानं कुणाला तरी हाक मारावी. मी मारली नाही. मला वाटलं, अजून काहीतरी लबाडी आहे, वरनं गळत असंल, मिस्त्रीनं नीट बघितलं नसंल. मी पोतं अंथरलं आणि या वयात, या गुडघ्यांनी, उताणा होऊन गाडीखाली सरकलो. डबक्याच्या बरोबर वर बघितलं. तिथं पाइप नाही, थेंब नाही, ओल नाही. धूळ बसलेली आणि कोळ्याचं जाळं, तेसुद्धा न तुटलेलं. जाळ्यातनं पाणी पडलं असतं तर जाळं राहिलं असतं का?

मी तसाच पडून होतो. उगवतीचं ऊन मागनं आडवं गाडीखाली शिरलेलं. आणि त्या उजेडात, जाळ्याच्या पलीकडं, मला लोखंडात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली.

गाडीचं वजन ज्या पोलादी पट्ट्या झेलतात, त्यांना आम्ही पाटे म्हणतो. ते पाटे एका ब्रॅकेटला अडकवलेले असतात. त्या ब्रॅकेटला तडा गेला होता. आरपार. घरगाडी करताना वरनं काळा रंग मारलेला, त्यात चिखल बसलेला, म्हणून उभ्यानं बघितलं तर काही दिसायचं नाही. त्याच्याखाली झोपून, सकाळच्या उन्हात, वर बघितलं तरच दिसंल.

माझे पाय तेवढे गाडीबाहेर होते. दीपक चूळ भरायला बाहेर आला असावा. मला ऐकू आली ती त्याची बोंबच.

"आबा! आबा, पडलासा व्हय? आगं ये, भाईर ये, आबा पडलं!"

तो अनवाणी पळत आला. इतके दिवस मी ज्या राखेवर चोराचं पाऊल शोधत होतो, तिच्यावर माझ्या पावलांशिवाय उमटलेली माणसाची पहिली पावलं ती. माझ्याकडं पळत येणारी.

मी म्हटलं, "बोंबलू नगंस. पडलो न्हाई. इस्माईलला बोलीव." मग पडल्या पडल्याच विचारलं, कारण समोरासमोर मला जमलं नसतं, "दिप्या, कॅन का लपवलास?"

तो गाडीशेजारी उकिडवा बसला. मला त्याचे राखेनं भरलेले पाय तेवढे दिसत होते.

"काढत न्हवतो आबा. घालत होतो. तुमी निघायचं ठरवल्यापासनं पाणी खाली जायालतं. रोज भरत होतो."

"मग सांगायचं न्हाईस?"

"सांगून काय झालं असतं? गाडी महिनाभर गॅरेजला लागली असती. आईचं जाणं ऱ्हायलं असतं. म्हटलं, भरून भरून एकदा जाऊन येऊ द्या तुमाला."

यावर काय बोलायचं असतं ते मला चौथीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "पाय धर. बाहेर वड मला."

इस्माईल आला, खाली शिरला.  मग नुसता पाना त्यानं ब्रॅकेटवर आपटला, जोरात नाही, दारावर टकटक करावी तसा. ब्रॅकेटचा तुकडा राखेत येऊन पडला. गाडी त्या बाजूनं कण्हल्यागत खाली बसली.

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड बंद होतं. इस्माईलचं तोंड बंद मी पहिल्यांदा बघितलं.

"मामा, मी पाइप बघायला गेलतो खाली, ब्रॅकेट न्हवं. वरचं घर जड, टाकी मागं, पलंग मागं. ह्ये घाटातल्या पयल्या वळणालाच..." पुढं त्यानं हातानं दाखवलं. हात पालथा केला.

"न्हाईबी तुटलं असतं," मी म्हटलं.

"न्हाईबी तुटलं असतं," तो म्हणाला. "पर मी माझ्या आईला झोपवली नसती त्याच्यावर."

संध्याकाळपर्यंत नवं ब्रॅकेट बसलं. इस्माईलनं इंजिनाचं पाणी काढून, धुऊन, नवीन कूलंट भरलं. हळद कुणी घातली म्हणून त्यानं मला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं. त्यानं पुन्हा सगळं उघडून बघितलं. रेडिएटर तोच ठेवला, होस तेच, पंप तोच, झाकणसुद्धा तेच. बदलण्यासारखं काही सापडलंच नाही. आणि त्या दिवसापासनं आजतागायत त्या गाडीचं पाणी एक बोटभर खाली गेलेलं नाही.

आता तुमच्यातले हुशार लोक विचारतील ते मी आधीच विचारून बसलोय. दीपकवर संशय राहिला नाही. मग इस्माईल? त्याला हळदीचं ठाऊक नव्हतं, आणि ब्रॅकेट ठाऊक असतं तर सरळ सांगितलं असतं, काम मिळालं असतं त्याला. मग मी, खोटं कशाला बोलू, हौसावरसुद्धा संशय घेतला. कारण ती मला म्हणाली, "हळदीचा डबा उघडलासा त्यादिवशी, मला हितं वास आलता." म्हणजे तिला ठाऊक होतं. मी तिच्या खाटेखाली वाकून बघितलं, तर ती म्हणते, "काय शोधतायसा? मी उठून गाडीखाली गेलते काय बघताय? गेले असते तर देवळातबी जाऊन आले असते." आणि इतकी हसली की पाठीत कळ आली.

मग हसू आवरून म्हणाली, "अक्काला दिसत न्हाई. पर तिला कळतंय समदं."

मी म्हटलं, "गप."

"मग तुमी सांगा. पाणी मागं कसं गेलं?"

मी सांगू शकलो नाही. आजही सांगता येत नाही. एखादा शिकलेला मेकॅनिक इथं वाचत असंल तर त्यानं सांगावं. पण चढावर, कोरड्या राखेवरनं, कोळ्याचं जाळं न मोडता पाणी कसं जातं ते सांगावं. नुसतं 'असं होऊ शकतं काका' म्हणू नये. मी मानत नाही म्हणजे मानत नाही. फक्त एवढंच, की पहिल्यांदा डबकं दिसलं तेव्हाच मी खाली झोपून वर बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मला मात्र माणूसच शोधायचा होता.

बहिणी भेटल्या. हाताला हात लागला. ते त्यांचं आहे, ते मी इथं लिहीत नाही.

मी सांगतो ते ब्रॅकेट बसल्यावर लगेचच्या सकाळचं. अंगणात राख होती ती मी झाडली नव्हती. मागच्या चाकापाशी जाऊन बघितलं, कोरडी होती. दीपकनं आणि इस्माईलनं हौसाला उचलून पलंगावर निजवली, गुळाचं गाठोडं तिच्या पोटावर. दीपक बाजूला होऊन उभा राहिला, मी चढायची वाट बघत, माझ्याकडं न बघता.

मी दोन्ही चाव्या काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "आबा?" मी म्हटलं, "घाट मला वळखतोय. आज तुलाबी वळखू दे." मागच्या दारानं आत चढलो. उभ्या जन्मात मी गाडीत मागं बसलो नव्हतो. हौसाच्या पायाशी डाव्या अंगाला एक फळी आहे, बरोबर त्याच चाकावर. तिथं बसलो, आणि वाटेवरचं मुरगूड येईस्तोवर पायाखालची फरशी ओली लागते का ते हातानं चाचपत राहिलो.